सात गुणांची चित्रकला

गेल्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, तेथील हायस्कुलाच्या स्नेहसंमेलनास अध्यक्ष म्हणून आम्हांस बोलावणे आले होते. अशा प्रसंगी चहाफराळापूर्वी पाहुण्यास जे जे दाखविण्याचा प्रघात आहे, त्यात विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शनही होते. एका वर्गाच्या चारी भिंतींवर सुमारे साठ चित्रे टाचण्यांनी लावली होती. आम्ही ती एकेक करून पाहू लागलो. दहाव्या-बाराव्या चित्रापाशी आमच्या मनात एक शंका आली, आणि विसाव्या चित्रापाशी ती पक्की झाली. जवळजवळ प्रत्येक चित्रात दोन त्रिकोणी डोंगर होते. त्यांच्या मधून अर्धा सूर्य वर येत होता. डोंगरांतून निघालेली नदी नागमोडी वळणे घेत खाली उतरत होती. तिच्या काठी एक कौलारू घर होते. आणि त्या घरावर नारळाचे एक झाड वाकलेले होते.

वर्गाच्या खिडकीबाहेर दुसरेच चित्र होते. रस्त्याच्या कडेने कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या जिनिंगच्या फाटकापर्यंत रांग धरून उभ्या होत्या. एका गाडीखाली गाडीवान घोंगडी पांघरून निजला होता. शाळेच्या कुंपणापलीकडे वेचणी संपत आलेली पऱ्हाटी उभी होती, आणि तिच्या बांधावर अजून फुलावयाचे असलेले पळस होते. हे सर्व ती मुले रोज येता-जाता पाहत असली पाहिजेत. परंतु साठ चित्रांत एकही कापसाची गाडी नव्हती, एकही पळस नव्हता. नारळ मात्र साठ होते. आणि तोही ज्या मुलांनी देवळात फोडण्यापुरता अथवा लग्नाच्या ओटीत पाहिला असेल, अशा मुलांनी काढलेला!

जवळ उभ्या असलेल्या नववीच्या एका मुलास आम्ही विचारले, “नारळाचे झाड तू कोठे पाहिलेस, बाळ?”

तो निःसंकोचपणे म्हणाला, “पाह्यलं नाही सर. निसर्गचित्रात असंच राह्यते.”

हे उत्तर आम्ही तेव्हापासून विसरू शकलो नाही. ह्या मुलास चित्रकला येत नाही असे कोणी म्हणू नये. त्याची रेघ स्वच्छ होती आणि रंग हद्दीबाहेर गेलेला नव्हता. त्यास जे शिकविण्यात आले ते तो पुरेपूर शिकला होता. त्यास शिकविण्यात आले होते ते हे की, चित्र आणि डोळे ह्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. चित्र म्हणजे पूर्वी कोणी तरी काढलेले चित्र पुन्हा काढणे. आमच्या मते ह्याहून मोठी हानी एखाद्या विषयाच्या अध्यापनाने होऊ शकत नाही. आणि ह्या हानीचा दोष त्या मुलावर तर नाहीच, पण त्याच्या शिक्षकावरही आम्ही ठेवणार नाही. तो दोष कोणाकोणाचा आहे हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे. आणि त्या यादीत, प्रिय वाचकहो, आपले व आमचेही नाव आहे हे आरंभीच सांगून ठेवणे बरे.

चित्रकला हा हायस्कुलात कशासाठी शिकवावयाचा विषय आहे, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. चित्रकार निर्माण करण्यासाठी तो शिकवावा असे आम्ही म्हणत नाही. मराठी शिकणारी सर्व मुले कवी होत नाहीत, आणि म्हणून मराठीचा तास बंद करा असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. चित्रकलेचा हेतू वेगळाच आहे. इतिहासात मुलास सांगण्यात येते, भूगोलात सांगण्यात येते, विज्ञानाची प्रयोगशाळा जेथे कुलूपबंद असते तेथे विज्ञानातही सांगण्यातच येते. दिवसाच्या सात-आठ तासांपैकी चित्रकलेचा तास हाच असा एक तास आहे की, ज्यात मुलास काही सांगावयाचे नसून त्यास विचारावयाचे असते: तुझ्यापुढे हा तांब्या आहे; तो तुला कसा दिसतो? त्याच्या कडेची लंबवर्तुळाकृती किती उघडी आहे? उजेड कोठून येतो? पाच मुले पाच जागी बसली तर पाच वेगळी चित्रे निघतात, आणि पाचही खरी असतात. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचा आणि त्याचबरोबर त्यांची झडती घेण्याचा हा धडा दुसऱ्या कोणत्याही विषयात इतक्या सरळपणे मिळत नाही. जो मुलगा हा धडा शिकला तो पुढे वैद्य होवो, वकील होवो की कास्तकार होवो, ऐकीव गोष्टीवर लगेच मान डोलावणार नाही.

हा विचार नवा नाही. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या देणगीतून चित्रकलेची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी विलायतेत जॉन रस्किनचे चित्रकलेच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्र काढता यावे म्हणून सृष्टीकडे पाहावयास शिकविण्यापेक्षा, सृष्टीवर प्रेम जडावे म्हणून चित्र काढावयास शिकवावे, अशा आशयाचे मत त्याने त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मांडले आहे. परंतु आमच्या देशात आला तो रस्किन नव्हे. रस्किनला जिचा मनस्वी तिटकारा होता ती साउथ केन्सिंग्टनची पद्धती येथे आली. मुंबईच्या ह्या शाळेत १८६५ साली आलेले लॉकवुड किपलिंग आणि मागाहून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करविणारे जॉन ग्रिफिथ्स ही माणसे थोर व गुणज्ञ होती. परंतु ज्या व्यवस्थेत ती वाढली होती तिचा मूळ उद्देश कारागिराचा हात आणि डोळा कारखान्यासाठी तयार करावा हा होता. पायरीपायरीने नकला, पायरीपायरीने परीक्षा, आणि प्रत्येक पायरीस एक प्रमाणपत्र, असा तो क्रम होता. आज एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या नावांनी ज्या शासकीय रेखाकला परीक्षा आमची मुले देतात, त्यांच्यावर ह्याच पद्धतीची गडद छाया आहे.

तथापि त्या जुन्या पद्धतीला न्याय दिला पाहिजे. ती रुक्ष होती, परंतु अप्रामाणिक नव्हती. वस्तुचित्रासाठी समोर खरी वस्तू ठेवावी लागे, आणि ती वस्तू विद्यार्थ्यास पाहावीच लागे. साहेबाने नेमलेली ती कवाईत होती खरी. पण कवाईत करणाऱ्याचे अंग तरी बळकट होत असे. आम्ही तीच कवाईत ठेवली, आणि तिच्यातून अंग हलविणे तेवढे काढून टाकले!

वऱ्हाडाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात अथवा राज्यात नव्हता; १९०३ पासून तो मध्यप्रांताशी जोडलेला होता. मुंबईची कलाशाळा आम्हांस परप्रांतातील होती. चित्रकलेची हौस असलेल्या वऱ्हाडी मुलाने नागपूर गाठावे, आणि तेथूनही पुढे जाण्याची धमक असेल तर मुंबईस जावे. त्या काळी आमच्याकडे चित्रकलेचे शिक्षण नीट नव्हते ह्यास ही एक सबब होती. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६५ साली कला संचालनालय स्थापन झाले, आणि ती सबब संपली. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आले. पण यवतमाळपासून ते आजही सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, आणि झरी-जामणीच्या किंवा उमरखेडच्या मुलास त्याहूनही दूर. सोळा तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तार आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे सत्तावीस लक्षांहून अधिक लोकवस्ती असलेल्या ह्या जिल्ह्यात, सामान्य घरच्या मुलाला चित्रकलेशी गाठ पडण्याची जागा एकच: त्याच्या शाळेतील तो एक तास.

त्या तासाची आज काय अवस्था आहे? २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आम्ही मोठ्या आदराने वाचला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कोणते शिक्षक असावेत ते सांगितले आहे. विज्ञान-गणितास शिक्षक, सामाजिक शास्त्रांस शिक्षक, भाषांस शिक्षक. आणि कलाशिक्षणास? जेथे विद्यार्थी शंभरांहून अधिक असतील तेथे एक निदेशक, आणि तोही अंशकालीन! म्हणजे नव्याण्णव मुलांच्या शाळेस कलेची गरज नाही, आणि एकशे एक मुलांच्या शाळेस ती असली तरी अर्धवेळ आहे, असा ह्याचा सरळ अर्थ होतो. यवतमाळसारख्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यात लहान शाळा पुष्कळ. तेव्हा कायद्याची ही कात्री कोणावर चालते ते निराळे सांगावयास नको. नववी-दहावीत चित्रकलेस श्रेणी मिळते, गुण मिळत नाहीत. आणि ज्यास गुण नाहीत त्यास आमच्या शाळांत तास असला तरी तो वेळापत्रकाच्या कागदावर असतो.

उलटपक्षी कागदावरील आश्वासने पाहावीत तर डोळे दिपून जातात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा दहावीपर्यंत अभ्यासक्रमाचाच भाग असावा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमातील व अभ्यासक्रमाबाहेरील असा भेदच नको असे जाहीर केले. २०१५ पासून ‘कला उत्सव’ भरतो. धोरणात कला पूर्णवेळ, कायद्यात अर्धवेळ, आणि शाळेत रिकाम्या वेळी, असा हा उतरता क्रम आहे.

ह्या व्यवस्थेत चित्रकलेच्या शिक्षकाचे काय होते? ए.टी.डी.ची दोन वर्षांची पदविका घेऊन हा गृहस्थ शाळेत येतो. त्यास लवकरच कळून येते की तो शाळेचा शिक्षक नसून शाळेचा रंगारी आहे. फलकावर सुविचार लिहावा, पाहुण्यांसाठी स्वागताची पाटी करावी, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवावा, राष्ट्रीय दिनास रांगोळी घालून घ्यावी, आणि गणिताचे शिक्षक रजेवर असतील तर त्यांच्या वर्गावर जाऊन मुलांस गप्प बसवावे. त्याचा स्वतःचा तास मात्र परीक्षा जवळ आल्या की गणिताला देण्यात येतो, आणि ते देताना त्यास विचारण्याची पद्धत नाही. असा शिक्षक वीस-पंचवीस वर्षांनी निवृत्त होतो. मग कित्येक शाळांत त्याची जागा तशीच रिकामी राहते, आणि ती रिकामी आहे अशी तक्रार घेऊन एकही पालक मुख्याध्यापकांकडे जात नाही. इंग्रजीची जागा एक महिना रिकामी राहिली तर हेच पालक काय करतील, ते वाचकांनी कल्पनेने पाहावे.

आता गुणांकडे येऊ. ज्या विषयाची अशी दशा झाली होती त्यास ऊर्जितावस्था यावी म्हणून शासनाने एक उपाय योजला. २०१७ साली असे ठरले की रेखाकलेची इंटरमीजिएट परीक्षा जो उत्तीर्ण होईल त्यास दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळावेत: अ श्रेणीस ७, ब श्रेणीस ५ आणि क श्रेणीस ३. हेतू वाईट नव्हता. पण परिणाम काय झाला? ज्यांनी आयुष्यात कधी मुलाच्या हाती रंगपेटी दिली नव्हती असे पालक जागे झाले. परीक्षेची तयारी करून देणारे वर्ग गर्दीने भरू लागले. बाजारात मार्गदर्शक पुस्तिका येत होत्याच. त्यांचा खप वाढला. आणि ह्या पुस्तिकांतून काय शिकविण्यात येते? स्मरणचित्राच्या प्रश्नपत्रिकेत बाजार आला तर कोणत्या चार आकृती कोठे बसवाव्यात. बसस्थानक आले तर त्याच चार आकृतींच्या हाती पिशव्या कशा द्याव्यात. पाणवठा आला तर पिशव्यांच्या जागी घागरी! ज्या परीक्षेत मुलाने पाहिलेले आठवून काढावे अशी अपेक्षा, तीत तो पुस्तिकेतील पान आठवून काढतो. स्मरणचित्र ह्या सुंदर शब्दाची अशी विटंबना आम्ही दुसरी पाहिली नाही.

आणि एकदा ते सात गुण पदरात पडले की चित्रकलेचे कार्य संपते. ह्याची साक्ष आम्ही दुसऱ्याच्या घरची देत नाही. आमच्या कन्येने नववीत असताना ही परीक्षा अ श्रेणीत दिली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तिला म्हणालो, “आता हे ठेव. दहावीचे वर्ष आहे.” तिने काही एक न बोलता रंगपेटी माळ्यावर ठेवली. गेल्या दिवाळीपूर्वी साफसफाईत ती पेटी सापडली. नळ्यांतील रंग दगडासारखे झाले होते. तिला विचारले तर ती हसून म्हणाली, “बाबा, ते गुण मिळाले ना!” त्या हसण्यात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. आयुष्यभर मुलांस साहित्याची गोडी लावण्याचा व्यवसाय करणाऱ्या आम्ही, आमच्याच घरात, एका विषयाचा सात गुणांत सौदा केला होता.

ह्या आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, आणि त्यांस उत्तर देणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप: गुण नसते तर हा विषय केव्हाच बुडाला असता, गुणांनी त्यास निदान जिवंत ठेवले. ह्यावर आमचे म्हणणे असे की, गुणांनी जिवंत ठेवली ती परीक्षा, विषय नव्हे. मंदिरातील दक्षिणेची पेटी भरत आहे म्हणून देव जागृत आहे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. मुलास व्यायामाबद्दल गुण दिले तर तो गुणांपुरता व्यायाम करील. पण त्यास मैदान दिले तर तो खेळेल. चित्रकलेस गुण मिळाले, मैदान मिळाले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारी माणसे सहृदय असतात. ज्या जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांसाठी येते, जेथे बापाला बियाण्याचे पैसे कोठून आणावेत ह्याची विवंचना, तेथे रंग आणि कुंचले ही चैन कोणास सुचते? ह्यास आमचे उत्तर असे: नेमक्या ह्याच जिल्ह्यात शाळेतील चित्रकलेची गरज सर्वांत मोठी आहे. मुंबईच्या मुलास शाळेने काही दिले नाही तरी त्याच्यासाठी खाजगी वर्ग आहेत, संग्रहालये आहेत, १९५२ पासून चालत आलेले जहांगीर कलादालन आहे. मारेगावच्या मुलास शाळेबाहेर ह्यातले काहीच नाही. श्रीमंताच्या मुलास जे घरी मिळते ते गरिबाच्या मुलास शाळेत मिळाले नाही, तर शाळा सर्वांसाठी आहे हे बोलणे पोकळ ठरते. शिवाय पोटाचा विचार म्हणाल तर तोही करू. उपयोजित कलेच्या पदवीस जावयाचे तर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हीच विचारतात. त्या परीक्षेच्या एकाच बाकावर दोन वर्षे शिकवणी लावलेला शहरातला मुलगा आणि ज्याच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नव्हता असा घाटंजीचा मुलगा बसतात, आणि ह्यास आम्ही समान संधी म्हणतो! पेन्सिल आणि कागद ही चैन नव्हे. फळ्याखालोखाल शाळेतील सर्वांत स्वस्त साधन तेच आहे.

तिसरा आक्षेप अगदी आजचा आहे. आता यंत्रास चार शब्द सांगितले की ते क्षणात हवे तसे चित्र काढून देते. मग मुलांनी हात का शिणवावेत? आम्ही ही चित्रे पाहिली आहेत. लक्षावधी जुन्या चित्रांवरून यंत्र नवे चित्र जुळविते, आणि ते बहुधा गुळगुळीत व सुबक असते. पण विचार करा: पूर्वी काढलेल्या चित्रांवरून पुन्हा चित्र काढणे, हेच तर आम्ही आमच्या मुलांकडून आजवर करवून घेत होतो! दोन डोंगर, एक सूर्य आणि एक नारळ हे काम यंत्र निःसंशय आमच्या मुलांहून चांगले करील. जे यंत्राला येत नाही ते एवढेच की, आज सकाळी शाळेत येताना बांधावरचा तो विशिष्ट पळस ह्या विशिष्ट मुलाला कसा दिसला. तेवढेच शिकविण्यासारखे होते, आणि तेवढेच आम्ही वगळले. यंत्र आले म्हणून चित्रकलेचा तास निरुपयोगी झाला नाही. तो तास आम्ही किती निरुपयोगी करून ठेवला होता हे यंत्राने उघड केले.

ह्या बाबतीत आम्हांस दूरदेशी जाऊन दाखले आणावे लागतात अशातला भाग नाही. आमच्या शेजारच्या वर्धा येथे १९३७ साली महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीची मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली. ज्या योजनेस लोक निव्वळ चरख्याची योजना समजतात, तिच्या अभ्यासक्रमात चित्रकला हा स्वतंत्र विषय होता. खेड्यातील, गरिबाच्या, हाताने काम करणाऱ्या मुलास चित्रकला हवी, हे तेव्हाच्या त्या अत्यंत काटकसरी माणसांस पटले होते. आम्ही त्यांच्याहून श्रीमंत झालो, आणि आम्हांस ती परवडेनाशी झाली!

आणि शिक्षक असला म्हणजे काय होते? सय्यद हैदर रझा हे नाव आज जगभर माहीत आहे. ते १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया ह्या जंगलातल्या खेड्यात जन्मले. त्या काळी मंडला आणि यवतमाळ एकाच प्रांतात होते. मुलगा चंचल, वर्गात त्याचे चित्त ठरेना. तेव्हा शाळेच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे एकटक पाहत बसावयास सांगितले. पुढे ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईस जे. जे.मध्ये, मग पॅरिसला. आणि उतारवयात त्यांच्या चित्रांत जो ‘बिंदू’ प्रकटला त्याचे मूळ त्यांनी स्वतः त्या भिंतीवरच्या ठिपक्यात दाखविले. ते गुरुजी चित्रकार नव्हते. त्यांनी त्या मुलास नारळ काढावयास शिकविले नाही. त्यांनी त्यास पाहावयास बसविले, एवढेच. आमच्या जिल्ह्यातील किती मुलांपुढे असा एक ठिपका आजवर कोणी काढला नाही, ह्याची मोजदाद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

पाहण्यासारखे जिल्ह्यात काही नाही असेही कोणी म्हणू नये. पुसद, दिग्रस, दारव्हा ह्या भागांतील बंजारा तांड्यांवर फेटिया आणि काचळी ह्यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे ह्यांचे जे भरतकाम चालत आले आहे, ते संकल्पचित्राचे जिवंत पाठ्यपुस्तक आहे. त्या तांड्यातली मुलगी शाळेत येते आणि संकल्पचित्राच्या वहीत पुस्तिकेतील फूल उतरविते. तिच्या आजीच्या हातची भूमिती शाळेस ठाऊक नाही. हल्ली शाळाशाळांतून भिंतींवर वारली चित्रे काढण्याची टूम आहे. जिव्या सोमा म्हसे ह्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या कलेबद्दल आम्हांस मोठा आदर आहे. पण वारली ही पालघरकडची. कोलाम आणि गोंड आमच्या घराशेजारी राहतात, आणि त्यांच्या पोडाकडे कोणत्याही शाळेची सहल जात नाही. यवतमाळ शहरात नवरात्रात जो दुर्गोत्सव होतो तो कोलकात्याच्या खालोखाल आपलाच, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याआधी कित्येक आठवडे कार्यशाळांतून पेंढ्यावर माती चढत असते, मातीतून बोटे आणि डोळे उमटत असतात. मुले दाराशी उभी राहून तासन् तास पाहतात. ती शाळा बुडवून आलेली असतात. आमच्या मते त्या दिवशी तीच शाळेत असतात.

तेव्हा आमच्या मागण्या थोडक्यात अशा. दहावीपर्यंतच्या प्रत्येक शाळेस चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक मिळावा. शाळा लहान असेल तर शेजारच्या दोन-तीन शाळांत मिळून एक, पण तो कायमचा असावा. आठवड्यातून एक जोड तास दहावीपर्यंत राहावा आणि तो कोणत्याही विषयास उसना देऊ नये. वाढीव गुण द्यावयाचेच असतील तर ते दोन दिवसांच्या परीक्षेवर न देता मुलाने वर्षभर ठेवलेल्या रेखाटनवहीवर द्यावेत. त्या वहीत त्याचे घर, त्याचे गाव, त्याची गुरे, त्याच्या आईचे हात असावेत, आणि पुस्तिकेतून उतरलेले पान दिसले तर ते बाद व्हावे. आणि दर सत्रास निदान एकदा वर्ग शाळेबाहेर बसावा: मूर्तिकाराच्या कार्यशाळेत, जिनिंगच्या आवारात, तांड्यावर, लोहाऱ्याच्या कमलेश्वर मंदिराच्या जुन्या दगडांपुढे. ह्या मागण्यांपैकी शिक्षकाची तेवढी सरकारच्या तिजोरीची आहे. बाकीच्यांस शाळेने मनावर घेण्याखेरीज काही लागत नाही.

पण सरकारकडे बोट दाखवून आम्ही सुटणार नाही. शाळेच्या शिक्षक-पालक संघात बसतो तो सुशिक्षित वर्ग आपलाच. शाळेची समिती आपल्या तोंडाकडे पाहते. चित्रकलेचा तास गणितास दिला तर आपण समाधानाने मान हलवितो. मुलाने अभ्यासाच्या वहीच्या मागच्या पानावर चित्र काढले की आपण त्यास दटावतो, आणि त्याच चित्राचे गुण मिळणार म्हटले की त्यास वर्गास घालतो. यवतमाळने दोन वेळा, १९७३ व २०१९ साली, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले. शब्दावर प्रेम करणारे हे गाव आहे. परंतु ज्या समाजाला बोलता येते आणि पाहता येत नाही, त्याचे शब्दही हळूहळू ऐकीव होतात. त्याच्या कवितेतही न पाहिलेले नारळ उगवू लागतात. मराठीचा प्राध्यापक म्हणून वर्गात बसून उत्तरपत्रिका तपासताना हे नारळ आम्हांस वर्षानुवर्षे भेटत आहेत.

त्या दिवशी अध्यक्षीय भाषणात आम्ही प्रदर्शनाची स्तुती केली. चित्रे सुबक आहेत असे म्हटले, आणि टाळ्या पडल्या. परत येताना तो नववीतला मुलगा फाटकाजवळ उभा होता. कापसाची एक गाडी जिनिंगच्या आवारात वळत होती आणि तो तिच्या चाकाकडे मान वाकडी करून इतक्या एकाग्रतेने पाहत होता की, आमची गाडी शेजारून गेली तरी त्याचे लक्ष गेले नाही. डोळे शाबूत होते. ह्या डोळ्यांस चित्रात यावयाची मनाई आहे, हे त्यास आपण शिकविले आहे. आणि ती मनाई उठविणे आपल्याच हाती आहे.